कोबीच्या टोप्या

३ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. म्हणजे धडधाकट नाही, पण आहे. खुब्याच्या ऑपरेशनला आज सोळा दिवस झाले. लेकीने पुढच्या खोलीत माझा पलंग टाकलाय आणि हाताशी एक घंटी ठेवलीय. ती वाजवली की जावई असा धावत येतो, की मला नुसतं पाणी मागायची लाज वाटते. फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात भांडायचं तर पाकीट चिकटवावं लागतं, तिकीट लावावं लागतं, तोवर राग उतरतो.

आता मुद्द्याचं. माझा भाजीचा तुकडा. तू तिथे एकोणीस वर्षांत दोनदा आलास, दोन्ही वेळा बुटांना चिखल लागला म्हणून कुरकुरत परत गेलास. पण आता मला दुसरं कोणी नाही. मैदानातले तुकडे वाटून देणाऱ्या समितीचा नियम तुला माहीत नसेल. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चिटणीसबाई पाहणीला येतात. चार वाफ्यांपैकी तीन तरी भरलेले दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर तुकडा काढून यादीतल्या पुढच्या माणसाला देतात. यादीत चाळीस जण बसलेत टपून.

इथे लेक रोज गोड बोलून विचारते, "आई, तिकडे एकटीने राहण्यासारखं आहे तरी काय आता?" मी म्हणते, माझी भाजी आहे. तुकडा गेला तर मला दुसरं उत्तर सुचणार नाही आणि मी इथेच राहीन, घंटी वाजवत. कळलं ना?

पहिल्या वाफ्यात लसूण, दुसऱ्यात पालक, तिसऱ्यात कोबीची सोळा रोपं, चौथ्यात मटार. सगळं मी पडायच्या आधीच लावून ठेवलंय. तू फक्त जगवायचंस. थंडीचा कडाका सुरू झालाय, तेव्हा पत्र मिळताच सगळं नीट झाकून घे. शेजारच्या तुकड्यावर एक निवृत्त पोस्टमन असतो, त्याला आम्ही हवामान खातं म्हणतो. गुडघा दुखला की तो पाऊस सांगतो. ऐकून घे, मान डोलाव आणि विसरून जा.

तुझी ताई


१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र सात दिवसांनी मिळालं. हवामान खात्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सात? माझ्या वेळी तीन लागायचे," आणि अर्धा तास टपालखात्यावर तोंडसुख घेतलं. माणूस चांगला आहे. गुडघ्याचं मात्र तू म्हणतेस ते खरं.

तुझ्या हुकमाप्रमाणे सगळं झाकलं. नुसतं झाकलं नाही, ताई, मापाने झाकलं. तू "नीट" असं लिहिलं होतंस आणि चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला "नीट" म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पालकाच्या वाफ्याला कोटाच्या जाड अस्तराची एकसंध चादर शिवली, चारी कोपऱ्यांना नाड्या. मटारला मफलर. आणि कोबीला टोप्या! सोळा रोपांची सोळा मापं घेतली, प्रत्येकाला वेगळी टोपी, खाली इलॅस्टिक. येणारेजाणारे थांबून बघतात. एक बाई विचारत होत्या, लहान मुलांच्याही शिवता का.

एकच शंका आहे. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून इथे चांगलंच ऊन पडलंय. मी नुसत्या शर्टावर फिरतोय. पण तू लिहिलंयस झाक, म्हणून झाकून ठेवलंय. दिवसरात्र.

तुझा मास्तर


२३ नोव्हेंबर

मास्तर,

प्रिय वगैरे नंतर. आधी टोप्या काढ!

अरे, उन्हात दिवसरात्र अस्तराखाली? तुला कोणी आठवडाभर कोटात गुंडाळून उन्हात बसवलं तर तू काय होशील? मी पत्र लिहिलं तेव्हा थंडी होती. तुला मिळालं तेव्हा ऊन. मग ऊन बघायचं की माझं अक्षर? सोळा मापं घेतलीस म्हणे! मी हसले तर टाके दुखतात, त्यामुळे तू मला दोन्हीकडून मारलंस. लेक धावत आली, तिला वाटलं मी रडतेय.

पालकाचं काय झालं असेल ते मी विचारत नाही, तूच सांग. गेला असेल तर बी पुन्हा टाक, मागच्या डब्यात आहे. एवढं ऊन असेल तर माती खडखडीत झाली असणार. रोज सकाळी भरपूर पाणी घाल, हयगय करू नकोस.

माझी चाल सुधारतेय. काल वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि कोणी बघत नाही असं बघून घंटी फडताळात मागे लपवून ठेवली.

ताई


४ डिसेंबर

प्रिय ताई,

टोप्या काढल्या. धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवल्या.

पाण्याचं म्हणशील तर तू लिहिल्याप्रमाणे रोज सकाळी भरपूर घालतोय. तुझं पत्र आलं त्याच दिवशी पाऊस सुरू झाला, तो पाच दिवस थांबला नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात झारी. हवामान खातं आपल्या छपरीत बसून चहा पीत होतं. तिथून ओरडून म्हणतं कसं, "मास्तर, वरून कमी पडतंय का?" मी म्हटलं, ताईचा हुकूम आहे. तो इतका हसला की त्याचा चहा सांडला.

बाकी भाजी उत्तम. लसूण उत्तम. पालक उत्तम. काळजी नसावी.

तुझा मास्तर


१२ डिसेंबर

प्रिय मास्तर,

तीन वेळा "उत्तम" लिहिलंस. दुकानात गिऱ्हाइकाची पँट आखूड झाली की तू आरशासमोर उभा राहून हेच म्हणायचास. "उत्तम बसलीय." म्हणजे लसूण कुजला आणि पालक दुसऱ्यांदा गेला. खोटं बोलायचं तर निदान शब्द बदलत जा.

चूक तुझी नाही, माझी आहे. इथे खिडकीत बसून मी तिथलं हवामान ठरवत होते. गेल्या वर्षी या दिवसांत कसं होतं ते आठवून लिहायचं आणि यंदा काही म्हणजे काही नेमानं होत नाहीये. इथेसुद्धा परवा पंखा लावला आणि काल दोन गोधड्या घेतल्या. तेव्हा आजपासून मी सल्ला देणं बंद. अक्षरशः बंद. लेकीला सांगून ठेवलंय, पत्रात "झाक", "काढ", "पाणी घाल" असं काही दिसलं तर फाडून टाक.

संध्याकाळी चारच्या सुमाराला तुकड्यावर जा. मातीत बोटं घाल, दुसऱ्या पेरापर्यंत. वर आभाळ बघ, वारा बघ. मग तुला वाटेल ते कर आणि काय केलंस ते मला कळव. तू कापड नुसतं चिमटीत धरून सांगायचास, धुतल्यावर आटेल की नाही. माती काही त्याहून अवघड नाही.

तुझी ताई


१९ डिसेंबर

प्रिय मामा,

आईला न सांगता लिहितेय. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं. हाड छान जुळलंय, ती चालेल, फिरेल, जिने चढेल. पण इथून पुढे उकिडवं बसायचं नाही आणि खाली वाकायचं नाही. कधीच नाही. दवाखान्यात ती हसत होती. घरी आल्यावर मला म्हणाली, "मामाला कळवू नकोस, तो हात टाकून बसेल." नंतर बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ होती.

खरं सांगू? ती इथेच राहिलेली मला हवी आहे. पण ती सकाळी उठून समोरच्या घरातल्या कुंड्यांकडे बघत बसते, आणि त्या बाई जास्त पाणी घालतात म्हणून माझ्याकडे कुरकुरते. वाकता येत नसेल तर ती त्या वाफ्यांत काय करणार, मला कळत नाही. तुला काही सुचतंय का?

तुझी भाची


७ जानेवारी

प्रिय ताई,

आज मी खूष आहे, तेव्हा पत्र लांबेल.

गुरुवारी चार वाजता तुकड्यावर गेलो. हवामान खात्याचा गुडघा ठणठणीत होता, म्हणून ते म्हणालं, "रात्र उबदार जाणार, घरी जा." मी मातीत बोटं घातली. दुसऱ्या पेरापर्यंत. माती अशी गार लागली की बोट आपोआप मागे आलं. वारा एकदम पडला होता आणि आभाळ धुतल्यासारखं मोकळं. मला काही कळत नाही, पण अशा संध्याकाळी माझ्या दुकानात शाली दुरुस्तीला यायच्या, एवढं आठवत होतं. धावत घरी गेलो, पेटी उघडली, सोळाच्या सोळा टोप्या आणल्या. मटारचा मफलरही. अंधार पडायच्या आत सगळ्यांना घालून मोकळा झालो.

सकाळी जाऊन बघतो तर मैदान पांढरंफटक! दंव गोठलं होतं. हवामान खात्याचे मटार काळे पडले. आपले हिरवे, ताई! टोप्या काढल्या तर आत कोबी जसेच्या तसे. ऊन आल्याबरोबर काढल्या बरं का, न सांगता. पाच रोपं आधीच्या पावसात गेली होती, ते आता कबूल करतो. अकरा उरलीत.

माझी बोटं फुटलीत, गुडघे भरून येतात आणि सुईत दोरा ओवायला तीनदा चुकतो. एका वाफ्याच्या जागी एक लाकडी काम काढलंय, ते काय ते विचारू नकोस.

तुझा मास्तर


१५ जानेवारी

प्रिय मास्तर,

पत्र वाचून मी टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि वाईट वाटलं.

तुझी बोटं फुटलीत. सुईत दोरा जात नाही. रेशमात अडकू नयेत म्हणून तू ती बोटं चाळीस वर्षं तेल लावून मऊ ठेवलीस, आणि आता माझ्या हट्टापायी चिखलात घालतोयस, या वयात, या थंडीत. शेवटी भाजीच ती. बाजारात ढीगभर मिळते. हा हिवाळा सरला की तू मोकळा, मास्तर. एवढं नक्की.

लेकीने मला बाल्कनीत दोन कुंड्या आणून दिल्यात. पुष्कळ झालं मला तेवढं. खरंच.

तुझी ताई


४ फेब्रुवारी

(पोस्टकार्ड)

प्रिय ताई, काल गारा पडल्या, बोराएवढ्या. पालकावर मोठी छत्री धरून मी उभा होतो. पालक सुखरूप. माझ्या टकलावर दोन टेंगळं. आज पुन्हा ऊन. या हवामानाला नोकरीवर ठेवलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं असतं. मास्तर.


२३ फेब्रुवारी

ताई,

आज मी तुझ्यावर रागावलोय आणि पाकीट चिकटवूनही तो उतरणार नाही. तरी क्रमाने सांगतो.

काल चिटणीसबाई आल्या. गुडघ्यापर्यंत बूट, हातात वही. मटारचा वाफा बघितला, एक शेंग तोडून खाल्ली आणि वहीत खूण केली. कोबीचा बघितला, अकरा गड्डे, त्यांवरही खूण. एका कोबीवर मी शोभेसाठी टोपी ठेवली होती. त्या हसल्या नाहीत, पण वही तोंडासमोर धरली. झाले दोन. मग विचारलं, "तिसरा?"

आता तुला खरं सांगतो. लसणाचा वाफा डिसेंबरात कुजला. पालकाचा दोनदा मेला. पण लसणाच्या जागी एक वाफा आहे, तो माझ्या कापणीच्या टेबलाचा आहे. दुकान बंद केल्यापासून ते माझ्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभं होतं. ते चौघांनी उचलून तुकड्यावर आणलं. कडेने वीतभर उंच फळ्या ठोकल्या, तळाला भोकं पाडली, माती भरली, पालक आणि मुळा पेरला. पाऊस आला की पाणी खालून निघून जातं, त्यामुळे कुजत नाही. डोळे निवतील असा पालक आलाय.

बाई म्हणाल्या, "हे टेबल आहे."

मी म्हटलं, "होतं. आता वाफा आहे."

"नियमात वाफा म्हटलंय. वाफा जमिनीवर असतो."

"नियमात उंची लिहिलीय का, बघा बरं."

त्यांनी नियमांचा कागद काढून पुढून वाचला, मागून वाचला. लांबी होती, रुंदी होती. मी गळ्यातली टेप काढून दिली. आठ बाय चार, दोरा इकडेतिकडे नाही. हवामान खातं कुंपणावरून म्हणालं, "बाई, जमिनीपासून किती वर असलं म्हणजे जमीन नाही, ते सांगा." बाईंनी त्याला गप्प केलं, पण खूण केली. तीन!

मी वहीकडे बघत होतो. तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "पण एवढं उंच कशाला केलंत?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीला आता वाकता येत नाही."

हो, मला माहीत आहे. डिसेंबरपासून. कोणी सांगितलं ते विचारू नकोस आणि तिला बोलू नकोस.

बाईंनी वही मिटली. मग पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. तुझं अक्षर. "मला आता तुकड्याची गरज नाही. पाहणी झाल्यावर तो पुढच्या माणसाला द्यावा. माझ्या भावाला यातून मोकळं करायचं आहे. त्याला आधी सांगू नये."

ताई, कोणी सांगितलं तुला की मला मोकळं व्हायचंय? बोटं फुटली हे मी तक्रार म्हणून लिहिलं नव्हतं, मिरवायला लिहिलं होतं! दुकान बंद झाल्यापासून सकाळी उठून पँट चढवायची कशासाठी, ते मला कळत नव्हतं. आता आठच्या आत मी तुकड्यावर असतो. पण नुसती भाजी मला नको आहे. दोन गल्ल्या पलीकडे तुझं घर चार महिने कुलूपबंद आहे, आणि मी रोज मुद्दाम त्या बाजूने जातो. तू परत यावीस म्हणून हे सगळं केलं. एवढं सरळ लिहायला मला चार महिने लागले, ते माझं चुकलं.

चिटणीसबाई म्हणाल्या, तुकडा माझ्या नावावर होणार नाही, मी यादीत एक्केचाळिसावा. पण दहा मार्चच्या सभेपर्यंत तुझा कागद त्या पिशवीतच ठेवतील. त्याआधी तुझं दुसरं पत्र आलं तर पहिलं आलंच नाही असं समजतील. हवामान खातं म्हणतं, टपालावर भरवसा ठेवू नका, पत्र जलद टपालाने टाका.

टेबल मूळचं माझ्या उंचीचं होतं. तुझे कपडे मी आयुष्यभर शिवलेत, तुझी मापं मला पाठ आहेत. चारही पाय दोन इंचांनी कापले. आता ते बरोबर तुझ्या कोपराखाली येईल. उभ्याउभ्या खुरपं चालव, वाकायचं नावच नाही.

तुझा मास्तर


२८ फेब्रुवारी

प्रिय मास्तर,

जलद टपालाने टाकतेय, दोन पत्रं. एक चिटणीसबाईंना, त्यात एकच ओळ आहे: तुकडा माझा आहे आणि माझाच राहील. दुसरं हे.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचायला घेतलं आणि टेबलापाशी माझा आवाज गेला. पुढचं लेकीने वाचलं. "बहिणीला आता वाकता येत नाही" या ओळीला तिचाही गेला, मग जावयाने पुरं केलं. तो बिचारा "मास्तर" इथपर्यंत पोचला आणि चष्मा पुसत बसला. तुझ्या भाचीला बोलू नकोस म्हणतोस? बोलायचं काय, मी तिला मिठी मारली. नंतर बोलले.

मी तुला मोकळं करायला निघाले होते. तुझ्या प्रत्येक पत्रात मला तुझी दमछाकच दिसत होती. एवढी वर्षं तुला ओळखते आणि तू मजेत आहेस, एवढं काही मला वाचता आलं नाही. मी चुकले रे. आणि मलाही सरळ लिहिता आलं असतं, की मला घरी यायचंय, पण आले तर उपयोगाची राहिले नाही असं वाटतं, त्याची भीती वाटते. ते आता लिहिलं.

लेक म्हणते, उन्हाळ्यात महिनाभर तिच्याकडे, बाकी वर्ष तिकडे. मी घासाघीस करून पंधरा दिवसांवर आणलंय.

आता एक गोष्ट सांगते, ती लेकीलाही सांगितलेली नाही. ऑपरेशननंतर माझा डावा पाय आखूड झालाय. किती ते मला कळत नाही, पण उभी राहिले की एका बाजूला कलते, आणि फोटो काढायचा म्हटलं की मी खुर्ची मागते. तुझ्या पाठ असलेल्या मापाची ताई आता नाही, मास्तर. टेबल मला उंच होणार.

तरी करवतीला हात लावू नकोस. पत्रावरून काही कापायचं नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय, वाफ्यासमोर उभी राहते. मग माप घे.

तुझी ताई